पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंसाठी केक: बटरक्रीम, व्हिप्ड क्रीम की दही?

पहिल्या वाढदिवसाला बाळापुढे छोटा केक ठेवायचा, बाळाने तो हातांनी फोडायचा-कुस्करायचा आणि त्याचे फोटो काढायचे, हा प्रसंग आमच्या कुटुंबात तीनदा आला. मुलीच्या वेळी बटरक्रीमचा केक होता. पुढे भाच्याच्या शूटला व्हिप्ड क्रीमचा, तिथे रिफ्लेक्टर, म्हणजे बाळावर उजेड परतवणारा फलक, धरून मी उभा होतो. आणि मुलाच्या वेळी दह्याचा. तिन्ही केक बाळांच्या अंगावरून पुसून काढायला मी होतो, तेव्हा हे पुसणाऱ्याचं मत आहे असं समजून वाचा. चवीबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. ती कोणी विचारतही नाही म्हणा. चार इंची केकमधलं बाळाच्या पोटात जातं ते दोन-तीन चमचे, बाकीचा केक गुडघ्यांवर, कानामागे आणि फरशीवर.

त्या दोन-तीन चमच्यांपुरतं एकदाच बोलून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत असं म्हटलंय. एका दुपारच्या दोन चमच्यांनी काही बिघडतं असं मला वाटत नाही, पण ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मधाचं मात्र तसं नाही. ‘साखर नको तर मध घालून देतो’ असं सांगणारे बेकर भेटतात आणि ऐकायला ते बरं वाटतं. पण हे फोटो पुष्कळ जण वाढदिवसाच्या आठ-पंधरा दिवस आधीच उरकून घेतात, म्हणजे बाळ अजून वर्षाचं झालेलं नसतं. बारा महिने पूर्ण होईपर्यंत मध द्यायचा नसतो, कारण त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इन्फंट बॉट्युलिझम, म्हणजे तान्ह्या बाळांना होणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो. केक भाजला की ते मरतील हा भरवसाही खोटा. भाजताना केकच्या आतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि तेवढ्याने त्या बीजाणूंचं काही बिघडत नाही.

आता बटरक्रीम. फोटोपुरतं बोलायचं तर याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. पायपिंगने काढलेल्या झालरी तशाच्या तशा उभ्या राहतात, प्रत्येक झालरीची बारीक सावली पडते आणि केक फोटोत भरीव दिसतो. हवा तो फिकट रंग चढतो. बाळ झोपलं, शूट तासभर पुढे गेलं, तरी केक बसलाय तसा बसून राहतो. फोटोग्राफर मंडळींचा जीव या केकवर असतो तो यासाठीच. आमच्या तिन्ही शूटमधले, बाळाने हात लावण्याआधीचे सगळ्यात देखणे फोटो याच केकचे आहेत.

हात लावल्यावर काय झालं ते सांगतो. केक फ्रिजमधून काढून जेमतेम वीस मिनिटं झाली होती. लोणी थंडीत घट्ट होतं हे कोणाला माहीत नसतं? पण त्या गडबडीत सुचलं कोणालाच नाही. मुलीने तळहात आपटला. टप्प असा आवाज आला, केकवर ओरखडासुद्धा उठला नाही. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा आपटला. तिसऱ्या फटक्याला केक पुठ्ठ्यासकट घसरत बॅकड्रॉपच्या, म्हणजे फोटोसाठी मागे-खाली पसरलेल्या कागदाच्या, कडेला गेला. शेवटी फोटोग्राफरने मागच्या बाजूने बोट खुपसून भोक पाडलं आणि तिचा हात धरून त्यात घातला. हा दोष तसा आमचाच. केक तास-दीड तास आधी बाहेर काढा, मागून बोट दाबून बघा, पुठ्ठ्याखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावा, की ही कटकट मिटते.

न मिटणारी कटकट म्हणजे ओशटपणा. माझा निर्णय झाला तो यावर, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बटरक्रीम म्हणजे ढोबळमानाने एक भाग लोणी आणि दोन भाग आयसिंग शुगर. लोण्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि ते अंगाच्या उष्णतेनेच वितळायला लागतं. म्हणजे केकवर जी झालर ताठ उभी असते, तीच बाळाच्या तळहातावर मिनिटभरात तेल होते. ते तेल आधी हाताला, मग हाताने जिथे जिथे शिवलं तिथे. मुलीने डोळे चोळले. रडली. आम्ही वाइप्स काढले, आणि पहिल्याच वाइपला कळलं की हे पुसलं जात नाहीये, पसरतंय. गालावरचं कपाळावर गेलं, कपाळावरचं केसांत. पाचवा-सहावा वाइप वापरेपर्यंत ती आरशासारखी चकाकत होती आणि किंचाळत होती. तिला उचलायला गेलो तर काखेत हातच ठरेना. ओली फरशी, तुपकट बाळ आणि माझे त्याहून तुपकट हात. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

केकनंतर टबमधले फोटो ठरले होते. कोमट पाणी, थोडा फेस, रबरी बदक, सगळी तयारी. तिला टबात बसवली आणि दोन मिनिटांत पाण्यावर पिवळसर तवंग आला, फेस बसला. केसांतलं लोणी घट्ट होऊन त्याच्या बटा झाल्या. टबातला एकही फोटो आमच्याकडे नाही. कागदी बॅकड्रॉपवर तेलाचे डाग उतरले, तेवढा कागद कापून टाकावा लागला, त्याचा भुर्दंड आमच्याच बिलात. आणि तो फ्रॉक तीन धुण्यांनंतरही छातीवर थोडा गडदच राहिला.

सगळा दोष बटरक्रीमच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. आमची मुलगी मुळातच हाताला काही लागलं की दोन्ही हात वर करून ‘पुसा’ म्हणून बसणाऱ्यातली. ज्यांचं बाळ चिखलातही खूश असतं त्यांना कदाचित एवढा त्रास होणार नाही. तुमचं बाळ कुठल्या जातकुळीचं आहे हे आधी बघून ठेवता येतं. शूटच्या आठवडाभर आधी त्याच्या खुर्चीच्या ट्रेवर एक चमचा फ्रॉस्टिंग, म्हणजे केकवर लावायचं क्रीम, ठेवा आणि गंमत बघा. अंडं, गहू, दूध, सुकामेव्याची पूड यातलं काही त्याने पूर्वी खाल्लेलं नसेल तर तेही वेगवेगळ्या दिवशी घरी देऊन झालेलं असावं. दिव्यांसमोर पहिल्यांदा नको.

व्हिप्ड क्रीमबद्दल माझं फार वाकडं नाही. भाच्याच्या शूटला पहिल्याच फटक्यात मनगटापर्यंत हात आत गेला आणि तो असा काही हसला की रिफ्लेक्टर माझ्या हातून कलला. मऊपणात हा केक बटरक्रीमच्या पुढे आहे. खऱ्या दुधाच्या क्रीमचा असेल तर दिव्यांखाली पंधरा-वीस मिनिटांत त्याच्या कडा ढळायला लागतात. बरेच बेकर वापरतात ते वनस्पती तेलाचं टॉपिंग जास्त टिकतं, पण टाळूला त्याचा एक थर राहतो, आणि ओशटपणा कमी असला तरी आहेच. दुसरी अडचण फोटोची. पांढरं क्रीम, पांढरे कपडे, पांढरा बॅकड्रॉप. वहिनींनी मोठ्या हौसेने सगळं शुभ्र ठरवलं होतं. फोटोत केकच्या जागी एक उजळ ठिपका आहे आणि त्यातून भाच्याचं डोकं वर आलंय. क्रीमला हलकीशी पीच किंवा पिस्त्याची छटा द्यायला सांगितली असती तरी काम झालं असतं.

रंगावरून आठवलं. रेड व्हेल्वेट नको. कुस्करल्यावर त्याचा चुरा बाळाच्या गुडघ्यावर खरचटल्यासारखा दिसतो. आणि चॉकलेट केक लंगोटाच्या वयातल्या बाळाच्या मांडीवर कसा दिसतो ते मी लिहीत नाही.

मुलाच्या वेळी आम्ही दह्यावर आलो. घट्ट दही रात्रभर पातळ फडक्यात टांगून चक्का करायचा, त्यात थोडं कुस्करलेलं केळं किंवा भिजवून वाटलेला खजूर. आतला केक पिकलेली केळी, अंडी आणि ओट्सच्या पिठाचा. दोन बेकरांनी ‘असलं आम्ही करत नाही’ म्हणून सांगितलं, मग घरीच केला. दिसायला कसा होता? बायकोच्या शब्दांत सांगायचं तर गवंड्याने भिंतीला पहिला हात मारावा तसा. झालर नाही, फुलं नाहीत, वरची कड एका बाजूला उतरलेली. आतला केक करडा-तपकिरी. बिटाच्या रसाचे चार थेंब घालून वरचा थर गुलाबी केला तेव्हा कुठे त्याला थोडी कळा आली. (बीट वापरलंत तर दुसऱ्या दिवशीच्या डायपरमधला लालसर रंग बघून घाबरू नका.) ‘दुधाची तहान ताकावर’ असं घरातलंच कोणीतरी पुटपुटलं, आणि त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

मुलाने एक बोट बुडवलं, तोंडात घातलं. दही थोडं आंबटच होतं. दोन्ही डोळे मिटले, नाक वर गेलं, खांदे कानाला लागले. कॅमेरा चालू होता. सेकंदभराने तेच बोट पुन्हा केकमध्ये. असे सहा-सात फोटो ओळीने आहेत, मिटलेले डोळे, उघडलेले डोळे, मिटलेले डोळे. गोड केकने असा चेहरा होत नाही. पण हा योगायोग असू शकतो, प्रत्येक बाळाचं होईलच असं मी म्हणत नाही. केकवर दोन-चार ब्लूबेरी दाबून चपट्या करून ठेवल्या होत्या, तो हात पुढे करायला त्यांचाही उपयोग झाला.

मग पुसायची वेळ आली. चक्क्यातला स्निग्धांश फार तर दहा टक्क्यांच्या आसपास. ओलं फडकं गालावरून एकदा फिरवलं आणि खालून गाल निघाला. मी दुसऱ्यांदा फिरवलं ते निव्वळ सवयीने. टबात पाणी गढूळ झालं, तवंग आला नाही, फेस टिकला. टबातले फोटो आहेत, आणि रबरी बदकही तेच आहे, चार वर्षं जपून ठेवलेलं.

याच्या अडचणी लपवणार नाही. अर्ध्या तासाच्या आत दही पाणी सोडायला लागतं, केकच्या पायाशी ओलं कडं धरतं, त्यामुळे आधीचे साधे फोटो काढून होईपर्यंत केक फ्रिजमध्येच हवा. सुदैवाने थंडीने हा दगड होत नाही. गाडीतून लांब न्यायचा असेल तर विसरा. न्यायचाच तर केक आणि चक्का वेगवेगळे न्या आणि तिथे लावा. रात्रभर टांगून झाल्यावर फडकं आणखी एकदा पिळलंत तर दहा मिनिटं जास्त मिळतात, एवढा माझा अनुभव.

बाकीच्या पर्यायांत मी फार शिरलो नाही. फॉन्डंट, म्हणजे साखरेची लाटून केकवर चढवलेली पोळी, बाळाला फाडता येत नाही आणि त्याचा चिवट गोळा घशात अडकायची भीती. कलिंगड कापून केलेला केक दिसतो झकास, पण पाचव्या मिनिटाला बाळ डबक्यात बसलेलं असतं. उंची दिसावी म्हणून खाली थर्मोकोलचा थर देतात, तोही नको. बाळ चावा घेताना थर बघत नाही.

चमकी मात्र कुठल्याच केकवर नको. ‘विषारी नाही’ म्हणजे ‘खाण्याजोगी’ असा अर्थ होत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 2021 मध्ये दोन घटना नोंदवल्या. पहिली 2018 मधली, वाढदिवसाच्या केकवरच्या सोनेरी भुकटीतल्या तांब्याने मुलं आजारी पडल्याची. दुसरी 2019 मधली, त्यात वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं आणि तपासात पहिल्या वाढदिवसाच्या केकवरच्या सजावटीच्या भुकटीत शिसं निघालं.

तेव्हा मला विचाराल तर घरी किंवा घराजवळ शूट असेल आणि टबातले फोटो हवे असतील तर दही. तास-दोन तासांचा प्रवास असेल, खोली उकडणारी असेल, तर वनस्पती टॉपिंगचं व्हिप्ड क्रीम, हलक्या रंगात. बटरक्रीमच्या झालरींवर जीव जडलाच असेल तर तो केक बाळाच्या हाताला लागणार नाही अशा अंतरावर ठेवून आधीचे फोटो काढा, मग तो उचलून पाहुण्यांना कापा आणि बाळापुढे दह्याचा ठेवा. खर्च वाढतो, पण आमच्या मुलीच्या वेळी हे सुचलं असतं तर मी तो आनंदाने केला असता. आणि बटरक्रीमच बाळापुढे ठेवणार असाल तर आधी कोरड्या टिश्यूने लोणी निपटून काढा, मग कोमट पाणी आणि साबण. वाइप्सचा पुडा पिशवीतच राहू द्या.