आय७ च्या नावाखाली गेलेले ३८,५०० रुपये

ऐन लग्नसराईच्या तोंडावर माझा जुना संगणक बंद पडला आणि नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात नवा घेताना मी ३८,५०० रुपयांना फसलो. ५,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले, ३३,५०० रोख मोजले. रोख दिल्यास १,५०० कमी करतो असे म्हटल्यावर मी जीएसटीच्या बिलाचा आग्रह सोडला. कितीही घाई असली तरी कच्च्या बिलावर संगणक घेऊ नका.

मी १४ वर्षे लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग करतो आहे, त्यामुळे हे लिहिताना शरम वाटते. घरून निघताना मी इंटेलचा आय३-१२१०० हा प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) असलेला संगणक घ्यायचे पक्के करून गेलो होतो; आय३ ही इंटेलची साधी आणि आय७ ही वरची श्रेणी. दुकानदार म्हणाला, “भाऊ, आय३ घेऊन पस्तावाल, तेवढ्याच पैशात आय७ देतो. आम्ही कशाला सांगायचं, तुम्ही स्वतःच पाहून घ्या ना.” टेबलावर दोन कॅबिनेट शेजारीशेजारी ठेवलेले होते, डावीकडे आय३ आणि उजवीकडे आय७. दोन्हींवर तेच २०० फोटो एकाच वेळी एक्स्पोर्टला लावले. उजवीकडचे काम चार मिनिटांत संपले आणि डावीकडचे अकरा मिनिटे झाली तरी चालूच होते. एकाच पिढीतला आय७ हा आय३ पेक्षा वरचढ असतो हे खरेच आहे, आणि डोळ्यांसमोर घड्याळ लावून दाखवल्यावर कोणीही विश्वास ठेवला असता.

पण त्यातली लबाडी मला तेव्हाच कळायला हवी होती. डावीकडच्या कॅबिनेटमधून हार्ड डिस्कची खरखर स्पष्ट ऐकू येत होती आणि उजवीकडचे अगदी शांत होते. डावीकडच्या पडद्यावर टास्क मॅनेजर (कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा होता, त्यात डिस्क १०० टक्के, मेमरी म्हणजे रॅम ९७ टक्के आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर फक्त २६ टक्के दिसत होता. म्हणजे तो प्रोसेसर संथ नव्हता. अपुऱ्या रॅममुळे सगळा भार जुन्या हार्ड डिस्कवर पडला होता आणि प्रोसेसर तिची वाट पाहत रिकामा बसला होता. उजवीकडे १६ जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, आवाज न करणारी साठवण) होती. हे आकडे मी रोज पाहतो, त्या दिवशीही पाहिले, पण माझे लक्ष घड्याळावर होते. दोन प्रोसेसरची तुलना करायची असेल तर रॅम, एसएसडी आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारखेच हवे, आणि दुकानदार कॅबिनेट उघडून दाखवत नसेल तर तिथून सरळ उठावे.

घरी नव्या कॅमेऱ्याच्या १०-बिट एच.२६५ फाइली (खूप दाबून साठवलेला व्हिडिओ) एडिटिंगच्या टाइमलाइनवर घेतल्या तेव्हा चित्र जागच्या जागी अडकू लागले. भाच्याने सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडले आणि तिथे नाव निघाले आय७-४७७०. पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा प्रोसेसर. १२१०० मधले १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालचा. दोन्हींत चार कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), मूळ वेगही ३.४ आणि ३.३ गिगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर जवळपास सारखेच; परंतु नव्याचा प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो, त्याचा कमाल वेगही ४.३ विरुद्ध ३.९ गिगाहर्ट्झ आहे, आणि एच.२६५ उलगडण्याची जी सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये आहे ती या जुन्यात नाहीच. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, ती यात आडमार्गाने बसवलेली होती. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने हा प्रोसेसर जुन्या मालात साडेतीन हजारांच्या वर जाणार नाही असे सांगितले.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. पोलीस ठाण्यात सांगितले, “बिलावर आय७ लिहिलं आहे, डब्यात आय७ निघालं, मग फसवणूक झाली कुठे?” पिढीचा अर्थ मी तीनदा समजावला, समोरच्या अधिकाऱ्यांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. यूपीआयचे पैसे आहेत म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवले; तिथे म्हणाले की व्यवहार दुकानात समोरासमोर झाला, हा आमचा विषय नाही, ठाण्यातच जा. ठाण्याने या वेळी दिवाणी वाद म्हणून वाटेला लावले. पाच खेपा झाल्या, ऐन हंगामातले पाच दिवस बुडाले आणि हातात साधी पोचसुद्धा नाही. ज्याला कोअर आणि कॅबिनेट यांतला फरक माहीत नाही त्याने निदान लेखी अर्ज तरी घ्यावा, एवढीही अपेक्षा नागरिकाने ठेवू नये काय?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचे शुल्क लागत नाही, हे मला या कोणत्याही टेबलावर सांगितले गेले नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिलावर ‘आय७’ एवढेच चालवून घेऊ नका, पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या. पैसे देण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरचे नाव स्वतः वाचा, कॅबिनेटवरच्या स्टिकरवर जाऊ नका.

मी आता आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. त्या दिवशी बायकोला दाखवण्यासाठी दोन्ही पडद्यांचा फोटो मी मोबाइलवर काढला होता, तो पुरावा म्हणून सोबत जोडला आहे. त्यात डिस्क १०० आणि सीपीयू २६ हे दोन्ही आकडे स्वच्छ वाचता येतात.