गलिव्हर की कांदीद?

अमळनेर-धुळ्याकडच्या एखाद्या वाचन मंडळात तरुण पोरापोरींना एकच उपहासात्मक प्रवासकथा द्यायची, तर जोनाथन स्विफ्टचा 'गलिव्हर' (1726) द्यावा की व्होल्तेअरचा 'कांदीद' (1759)?

शांततेच्या प्रश्नावर गलिव्हर उजवा. अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून लिलिपुट आणि ब्लेफुस्कू हे बोटभर माणसांचे दोन देश लढतात. कथानायक गलिव्हर लिलिपुटसाठी शत्रूचं आरमार ओढून आणतो, पण लिलिपुटचा सम्राट ब्लेफुस्कूला गुलाम करायला निघतो तेव्हा साफ नकार देतो. पुढे महाकाय लोकांचा राजा बंदुकीच्या दारूचं गुपित धुडकावतो. एका कणसाच्या जागी दोन पिकवणारा साऱ्या राजकारण्यांहून मोठा, असं त्याचं मत. कापूस-ज्वारीच्या आपल्या खान्देशात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही! मुलांसाठीच्या बऱ्याच संक्षिप्त आवृत्त्या हा भाग गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

न्यायाचं म्हणाल तर माझा कौल कांदीदला. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामच्या वाटेवर कथानायक कांदीदला एक गुलाम भेटतो. साखरेच्या घाण्यात बोट सापडलं म्हणून हात कापलेला, पळायला बघितलं म्हणून पाय तोडलेला. युरोपात तुम्ही साखर खाता ती या किमतीत, असं तो सांगतो आणि कांदीद रडत शहरात शिरतो.

गलिव्हर शेवटी माणसांना इतका विटतो की बायकोमुलांचा वासही त्याला सोसवत नाही. कांदीद पोळलेल्या सोबत्यांसह छोटी शेती कसतो. म्हणून पोरांच्या हाती आधी कांदीदच द्यावा. महाकाय राजाचं प्रकरण मात्र मोठ्याने वाचून दाखवावं.