हॅमॉकमध्ये पाठ गार पडते: फोम, हवेची गादी की खालून टांगलेली रजई?

इंदूरहून डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या मुक्कामाला निघताना लोक आधी जाड स्लीपिंग बॅग घेतात. तंबूत झोपायचं असेल तर ठीक. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी झोळीत, झोपायचं असेल तर ते पैसे चुकीच्या बाजूला गेले. पहाटे तीनला जाग येते तेव्हा छाती-पोट ऊबदार असतं आणि पाठ, कुल्ले, पोटऱ्या गार पडलेल्या असतात. वरून आणखी एक ब्लँकेट ओढलं तरी त्यांना काही फरक पडत नाही.

ऊब देते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. बॅगेचा खालचा भाग अंगाच्या वजनाने दबतो, पाच सेंटिमीटरचं भरण काही मिलिमीटर उरतं आणि त्यातली हवा निघून जाते. जमिनीवर झोपलेल्याच्या खाली निदान माती असते. ती गार असली तरी हलत नाही. हॅमॉकखालून मात्र रात्रभर वारा वाहतो आणि पातळ नायलॉनमधून अंगाची ऊब घेऊन जातो. म्हणून पारा 20 अंशांच्या खाली गेला की पाठीला जाणवायला लागतं आणि 15 च्या खाली जवळजवळ प्रत्येकाला खालून काहीतरी लागतंच. इंदूरला जानेवारीत रात्री 10 अंशांच्या आसपास असतात, थंडीच्या लाटेत पारा 5 च्या जवळ येतो. इंदूरजवळचा जानापावचा डोंगर समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास, म्हणजे शहरापेक्षा तीनशे मीटर उंच आणि माथ्यावर उघडा, त्यामुळे तिथे वाऱ्याचा मार वेगळा. महेश्वर इंदूरपेक्षा सुमारे 400 मीटर खाली आहे, तिथे त्याच रात्री बरंच सुसह्य असतं. कुठे जाणार हे आधी ठरवा, मग सामान निवडा.

फोमची मॅट

पहिली खरेदी हीच असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वस्त आहे, फुटत नाही, आणि झाडं मिळाली नाहीत तर जमिनीवरही चालते.

फोम बंद छिद्रांचा हवा, म्हणजे पाणी न शोषणारा. सोफ्यातला पिवळा स्पंज चालत नाही. तो दबतो आणि ओल धरतो. बाजारात तीन प्रकार सहज मिळतात. योगा मॅट बहुधा 6 एमएमची असते, तिची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याची क्षमता, आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त) जेमतेम 0.8 ते 0.9, आणि पीव्हीसीची असेल तर वजनही जास्त. ट्रेकिंगची 10 एमएमची मॅट साधारण 1.4 देते. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात रोलवर मिळणारा पांढरा ईपीई (पॉलिथिलीनचा) फोम 20 एमएमचा घेतला तर नवा असताना अडीचपर्यंत जातो. 60 सेंटिमीटर रुंद आणि 180 लांब तुकड्याचं वजन अर्ध्या किलोच्या आत राहतं. हा फोम मऊ असल्याने दहा-पंधरा रात्रींत कमरेखाली चपटा होतो, पण तेवढ्या पैशात दुसरा घेता येतो. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते. 10 अंशांच्या रात्रीसाठी हॅमॉकमध्ये अडीच ते तीन धरा, 5 अंशांसाठी चारच्या जवळ.

खरी अडचण जाडीची नाही, रुंदीची आहे. हॅमॉकचं कापड दोन्ही बाजूंनी वर येऊन खांदे आणि दंड आवळतं. 50-55 सेंटिमीटरची मॅट पाठीखाली राहते आणि खांदे उघड्या कापडाला टेकतात. मॅट घेऊनही थंडी वाजली अशी तक्रार येते ती बहुतेक यामुळेच.

त्याला उपाय आहे तो खांद्यांचे पंख. दुसऱ्या मॅटमधून 110 × 45 सेंटिमीटरचा तुकडा कापा. मुख्य मॅटच्या खाली, खांद्यांच्या रेषेत आडवा ठेवा. दोन्ही बाजूंना 25-27 सेंटिमीटर बाहेर येतील आणि कापडाबरोबर वर वळून दंड झाकतील. सरसकट गोंदाने चिकटवू नका, गुंडाळी होत नाही. वेल्क्रोच्या दोन पट्ट्या पुरतात.

मॅट सरकते, हाही त्रास आहे. दोन पदरी हॅमॉक असेल तर मॅट पदरांमध्ये घाला, प्रश्न मिटला. एकपदरी असेल तर मॅटच्या खालच्या बाजूला सिलिकॉन सीलंटचे वाटाण्याएवढे ठिपके वीतभर अंतराने द्या आणि दिवसभर वाळू द्या. हॅमॉकमध्ये तिरपं झोपलं की पाठ सपाट राहते, त्यामुळे मॅटही तिरपी घालावी लागते. सरळ घातली तर पाय मॅटच्या बाहेर जातात. फोममधून घाम बाहेर जात नाही आणि पहाटे पाठ दमट लागते, म्हणून मॅटवर लोकरीचं पातळ कांबळं किंवा निदान सुती चादर हवी.

मोटारसायकलवर जाणाऱ्याला फोमची गुंडाळी अडचणीची होते, हे मान्य करावं लागेल.

हवा भरायची गादी

हिमालयातल्या ट्रेकसाठी आधीच घेतलेली असेल तर वापरा. फक्त हॅमॉकसाठी नवी घ्यावी असं वाटत नाही.

पूर्ण फुगवली की ती हॅमॉकच्या खोलगट कापडात पिंपासारखी गोल होते आणि अंग एका बाजूला घसरतं. निम्म्यापर्यंतच हवा भरा, मग आत बसून झडप हळूहळू उघडा. कुल्ले कापडाला टेकण्याच्या बोटभर आधी बंद करा. कमी हवेत तिची ऊबही थोडी कमी होते, कारण छापलेली आर-व्हॅल्यू पूर्ण फुगवलेल्या गादीला सपाट तबकड्यांमध्ये ठेवून मोजलेली असते. आत भरण नसलेली साधी गादी घेऊच नका. तिच्या पोकळीत हवा वर-खाली फिरत राहते आणि आर-व्हॅल्यू एकच्या आतबाहेर राहते. पायाकडे निमुळती असेल तर पोटऱ्या उघड्या पडतात. आणि माळव्यात बाभूळ-बोरीचे काटे सगळीकडे: हॅमॉकमध्ये भीती नाही, पण फुगवायला जमिनीवर अंथरली की संपलं.

खालून टांगलेली रजई, म्हणजे अंडरक्विल्ट

झोपेच्या सुखात याला तोड नाही. ती हॅमॉकच्या बाहेरून, कापडाला लागून टांगलेली असते, त्यामुळे तिच्यावर अंगाचं वजन येत नाही आणि भरण फुललेलं राहतं. खांदे आपोआप झाकले जातात, घाम साचत नाही, कुशीवर वळलं तरी काही सरकत नाही. फुललेली जाडी 5 सेंटिमीटर असेल तर माळव्यातली कुठलीही रात्र निभते, पचमढीलाही अडचण येऊ नये.

अट एकच: ती नीट बसवता आली पाहिजे. महागडी रजई घेऊनही गारठलेले लोक असतात आणि कारण जवळजवळ नेहमी फट हेच असतं. रजई आणि हॅमॉक यांच्यात दोन बोटांची जागा राहिली तरी तिथून वारा वाहतो आणि रजई असून नसल्यासारखी होते. उलट फार ताणली तर भरण दबतं आणि ऊब जाते.

बसवताना हा क्रम ठेवा. आधी हॅमॉक नीट टांगा: झाडाच्या पट्ट्या आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांत, बसल्यावर आसन जमिनीपासून गुडघ्याएवढं. हॅमॉक ताणून सपाट बांधला तर कडा वर येतात आणि रजई मधोमध लोंबते. मग रजईच्या दोन्ही टोकांच्या इलॅस्टिक दोऱ्या हॅमॉकच्या टोकांना अडकवा. रिकाम्या हॅमॉकला रजई तळातून हलकेच वर उचलत असावी. आत झोपलं की इलॅस्टिक ताणला जातो आणि ती अंगाच्या आकाराला बसते. शेवटी टोकांच्या आवळायच्या दोऱ्या कापडाला टेकण्यापुरत्याच ओढा. आता तिरपं झोपा आणि सोबत्याला खालून हात फिरवायला सांगा. खांदा गार लागत असेल तर रजई डोक्याकडे सरकवा. कमरेखाली गार लागत असेल तर लांब बाजूंच्या दोऱ्या दोन-तीन सेंटिमीटर कमी करा. पायाकडून झुळूक येत असेल तर तेवढंच टोक आवळा. एकटे असाल तर पंधरा मिनिटं स्वस्थ पडून राहा. फट कुठे आहे ते पाठ सांगते.

पिसांची की सिंथेटिक? पिसांची अर्ध्या किलोच्या आसपास, छोट्या पिशवीत मावेल अशी दबते, पण किंमत बहुधा पाच आकडी. आपला हिवाळा कोरडा असल्याने ती इथे चांगली चालते. मात्र चोरलच्या धरणाकाठी किंवा यशवंत सागरजवळ पहाटे दव पडतं, ओली झालेली पिसं चिकटतात आणि ऊब जाते. सिंथेटिक जड, पण दमट झाली तरी काम करते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची पाऊणलांबीची रजई स्वस्त आणि हलकी. तिच्याबरोबर पायांखाली फोमचा 50 × 40 चा तुकडा लागतो.

शिंप्याकडून करून घेतलेली

वर्षाला चार-सहा थंड रात्री बाहेर काढणाऱ्याने हा पर्याय आधी पाहावा. इंदूरच्या कापड बाजारात एसीसाठीची सिंगल सिंथेटिक रजई, साधारण 150 × 220 सेंटिमीटरची, सहज मिळते. भरण 200 ते 250 जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) घ्या. एकूण वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं.

लांब कडा आत दुमडून रुंदी 120 वर आणा, लांबी 200 पुरे. चारही कडांना 3 सेंटिमीटर रुंदीची नेफ्यासारखी पट्टी शिवून घ्या. लांब बाजूंच्या नेफ्यात 3 एमएमची नायलॉन दोरी, आखूड बाजूंच्या नेफ्यात 4 एमएमची इलॅस्टिक दोरी आणि तिला आवळायचा खटका. लांब बाजूंच्या दोऱ्यांची टोकं प्रत्येक बाजूला 40 सेंटिमीटरच्या इलॅस्टिक फासात बांधा आणि फास छोट्या कॅरॅबिनरने (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीने) हॅमॉकच्या टोकाला अडकवा. दोरी, इलॅस्टिक, कॅरॅबिनर इंदूरच्या सियागंज बाजारात मिळून जाईल. शिंप्याला एक गोष्ट बजावून सांगा: मधे नवी शिवण मारायची नाही. प्रत्येक शिवणीवर भरण दबतं आणि तिथे गार रेघ उमटते.

रजईचं कापड वारा आत सोडतं, म्हणून तिच्याखाली रेनकोटच्या पातळ नायलॉनची चादर सैल टांगा. प्लास्टिकचा ताडपत्रीसारखा कागद नको, आत पाणी धरतो. अशी जोडणी 10 अंशांपर्यंत निभावते. त्याखाली पारा जाणार असेल तर हॅमॉकच्या आत 10 एमएमची मॅटही घाला.

रुईची रजई किंवा गोधडी खाली टांगू नका. दोन-तीन किलो वजनाने ती लोंबते, फट पडते, आणि दव पडलं की दिवसभर वाळत नाही. गाडीने जात असाल तर ती अंगावर घ्यायला उत्तम. लोकरीचं कांबळं चौपदरी करून पाठीखाली घातलं तर थोडी मदत होते, दमट झालं तरी होते.

मोटारीच्या काचेवरचं चंदेरी सनशेड बरेच जण सुचवतात. चकाकता पत्रा ऊब परत फेकतो तो समोर हवेची पोकळी असेल तरच. पाठीला चिकटला की त्याचा तो गुण संपतो. उरतं ते वारा अडवणं, आणि त्यासाठी दोन पदरांमध्ये फोमखाली घालायला ते चांगलं आहे. एकट्याच्या भरवशावर 15 अंशांखाली जाऊ नका.

आणि जागा

वाईट जागा निवडली तर यातलं काहीही अपुरं पडतं. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून ओघळून नाल्याच्या पात्रात साचते. पाण्याला लागून झाडं सुंदर दिसतात, पण पंधरा-वीस मीटर वर उतारावर बांधलं तर पहाटे फरक कळतो. माथ्यावरही नको, तिथे वारा. हॅमॉकवर बांधलेली ताडपत्री वाऱ्याच्या बाजूने हॅमॉकच्या कडेखालपर्यंत उतरवा. जंगलात रात्र काढायला वनविभागाची परवानगी लागते. महू-चोरलच्या पट्ट्यात बिबटे आहेत, परवानगी घ्यायचं टाळू नका.

गरम पाण्याची बाटली सगळ्या पर्यायांना पूरक आहे. एक लिटर पाणी 80 अंशांवरून 35 वर येताना सुमारे 188 किलोज्यूल उष्णता देतं, म्हणजे पाच तासांत विभागली तर दहा वॅट. झोपलेलं अंग 70-80 वॅट तयार करतं, त्यापुढे ही भर लहान नाही. घट्ट झाकणाची एकपदरी स्टीलची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. थर्मास चालणार नाही, तो ऊब बाहेरच येऊ देत नाही.

तर कुणी काय घ्यावं? पहिल्यांदाच जाणाऱ्याने किंवा मुलांना घेऊन गाडीने जाणाऱ्याने 20 एमएमचा फोम आणि खांद्यांचे पंख घ्यावेत. हॅमॉक आवडला, पुढेही जायचं ठरलं, की शिंप्याकडची रजई करावी, तोच फोम कडाक्याच्या रात्री आत घालता येतो. पाठीवर सामान घेऊन चालणारा आणि दर हिवाळ्यात पचमढी किंवा त्याहून थंड ठिकाणी जाणारा असेल तर पिसांच्या रजईचे पैसे वसूल होतात. काहीही घेतलं तरी जाण्याआधी एक थंड रात्र अंगणात किंवा गच्चीवर हॅमॉक टांगून काढा. आधार मात्र भक्कम हवा, कठड्याची विटांची भिंत नको, दोन टोकांचा ओढा ती पाडू शकतो.

परतल्यावर रजई दिवसभर उन्हात पसरा आणि मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. दाबलेल्या पिशवीत महिनाभर राहिली तर सिंथेटिक भरण पुन्हा पूर्ण फुलत नाही. फोम उभा ठेवा, त्यावर ट्रंका रचू नका.