बांधकामावर हिशेबाला इंजिनिअर लावला, त्याचा अनुभव

एसटीच्या हिशेब शाखेत ३१ वर्षं कंडक्टरांची वेबिलं, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे कागद, तपासली. तरी घर बांधायला काढलं तेव्हा अंदाज आणि पैशाचं नियोजन करून द्यायला वेगळा इंजिनिअर लावला. ही म्हणाली, "ठेकेदार आहे, मिस्त्री आहे, आता हे तिसरे कशाला?" फी अंदाजपत्रकाच्या अडीच टक्के, म्हणजे ३२ लाखांवर ८० हजार. मलाही जड गेली.

पहिल्याच बैठकीत निम्मी वसूल झाली. ठेकेदार हात लावायच्या आधी ५ लाख मागत होता. इंजिनिअरांनी हप्ते कामाला बांधले. जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी. मोजमाप झालं की बिल, त्यातले ५ टक्के राखून बाकीचे द्यायचे. बँकसुद्धा कर्ज टप्पा पुरा झाल्यावर सोडते, मग मधल्या दिवसांत सळई-सिमेंटला रोख कुठून आणायची? ते त्यांनी महिनावार मांडून दिलं. माझी ग्रॅच्युइटी मी मुदत ठेवीत टाकायला निघालो होतो, त्यांनी थांबवलं. एप्रिलात सळई घेताना तीच कामाला आली.

मोजण्यात तर माणूस आमच्याच पंथातला. क्रश सँडचा ट्रक "चार ब्रास" म्हणून आला. यांनी टेप लावला: १४ फूट लांब, ७ रुंद, माल ३ फूट ७ इंच. ३५१ घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे साडेतीन. पैसे साडेतीनचेच दिले. सळईचं वजन काढायचं सूत्र मला खडूने भिंतीवर लिहून दिलं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८८ किलो भरते. मग काय, प्रत्येक चलन मी ताडून बघायला लागलो. ट्रकवाले मला 'चेकर' म्हणायचे.

आता तक्रार. अंदाजपत्रकात वीजजोडणी, बोअर, कुंपण यातलं काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "ते बांधकामात धरत नाहीत." अहो, पण जातात माझ्याच खिशातून ना? नुसता बोअर आणि मीटर यांनीच पावणेदोन लाख खाल्ले. शिवाय कामाच्या वेळापत्रकाचा संगणकावरचा रंगीत तक्ता मिस्त्रीला दिला होता. त्यावर भाकरी ठेवून जेवताना मी त्याला पाहिलंय. शेवटी मीच दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरवर तारखांना गोल केले, तेव्हा स्लॅब २७ मेला, पावसाआधी ओतून झाला.

जुलैत जिन्याच्या वर ओल आली. ठेकेदाराचे ५ टक्के आमच्याकडे अडकलेले, त्यामुळे दोन दिवसांत माणूस हजर.

पाचपैकी चार तारे. कुंपणाचं काम दिवाळीनंतर काढायचंय. अंदाज त्यांच्याकडूनच मागवलाय, फाटकासकट लिहा म्हणून सांगून.