"मॅडम, कंप्युटर गेलाय" : माझे २७,५०० रुपये कसे गेले

हे लिहायला मला दीड महिना लागला, कारण आधी नुसता राग येत होता आणि रागात लिहायला बसलं की नीट सांगताच येत नाही. पण परवा शाळेत एक सहकारी बाई म्हणाल्या की त्यांच्या दिरालाही हायवेवर अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं, मॅडमच्या जागी साहेब एवढाच फरक. तेव्हा ठरवलं, आता सगळं लिहायचं, पैशांच्या आकड्यांसकट.

माझी गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, रनिंग ९० हजारच्या आसपास. जुलैमधे सांगलीहून पुण्याला निघालो होतो, सोबत आई आणि धाकटी लेक. कराडपासून पाऊस असा की वायपर फुल स्पीडला ठेवूनही पुढचं दिसेना, आणि उंब्रज गेल्यावर गाडी झटके द्यायला लागली, पिकअपच घेईना. चेक इंजिनचा पिवळा दिवा आधी नुसता लागला, मग लुकलुकायला लागला. लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे पेट्रोल जळत नाहीये, ते तसंच पुढे सायलेन्सरकडे जातंय, आणि वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) असतो तो त्याने भयंकर तापतो आणि बाद होऊ शकतो. अशा वेळी गाडी दामटायची नसते, बाजूला घेऊन बंद करायची. मी मात्र अजून आठ-दहा किलोमीटर तशीच रेटली कारण पावसात आईला घेऊन कुठे थांबणार.

मग एक गॅरेज दिसलं, मोठा बोर्ड, आत दोन-तीन गाड्या, "कंप्युटराइज्ड स्कॅनिंग" वगैरे लिहिलेलं. बरं वाटलं बघून. एक विशीतला मुलगा आला, बॉनेट उघडलं, मला म्हणाला गाडी चालूच राहू द्या. आणि चालू इंजिनवर त्याने एका कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक) पिन, म्हणजे वायरचा कनेक्टर, काढली, परत लावली, दुसरीची काढली. मग एक कॉइल अख्खी उपटून हातात धरली आणि इंजिनच्या बोल्टजवळ नेऊन दाखवली, बघा मॅडम स्पार्क येतोय, म्हणजे कॉइल ओके. टक टक आवाज येत होता, निळी ठिणगी दिसत होती, आम्ही तिघी शेजारी उभ्या. मला तेव्हा ते हुशारीचं लक्षण वाटलं हे सांगताना आज अंगावर काटा येतो.

मग गाडी बंद केली, किल्ली मात्र ऑनच होती, डॅशबोर्डचे सगळे दिवे लागलेले मला दिसत होते. त्याने एअर फिल्टरच्या पाइपजवळची एक पिन काढली, रेडिएटरच्या बाजूची एक काढली, साफ केल्यासारखं केलं आणि बल्बच्या टेस्टरची सुई दोन-तीन वायरींत टोचून बघितली. त्यानंतर मालक आले टॅबलेट घेऊन. स्टिअरिंगखाली सॉकेटला जोडलं आणि स्क्रीनवर लाल लाल ओळी. म्हणाले, "मॅडम हे बघा, एवढे सेन्सर एकदम जात नसतात, कंप्युटर गेलाय. इसीएम बदलावं लागेल, आणि इंजेक्टर पण चोक आहेत चारही." इसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, आणि इंजेक्टर म्हणजे सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारे भाग. मी म्हटलं, दादा, खात्री आहे ना? तर म्हणाले मशीन खोटं बोलतं का? याच्यावर मी काय बोलणार. एक चांगलं केलं की स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, नवऱ्याला पाठवायला म्हणून.

सांगितले ३४ हजार, घासाघीस करून २७,५०० ला आले : इसीएमचे १८,०००, इंजेक्टरचे ७,५००, मजुरी २,०००. गाडी तिथेच ठेवली, आम्ही एसटीने पुण्याला गेलो, तिसऱ्या दिवशी परत येऊन घेतली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले जीएसटी लावला तर वर १८ टक्के द्यावे लागतील, आणि वहीतलं एक पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. पैसे त्यांच्या सांगण्यावरून एका दुसऱ्याच नावाच्या खात्यावर यूपीआयने पाठवले. जुना पार्ट मागितला तर "तो कंपनीला परत जातो मॅडम." हे सगळं मी मान्य केलं. दोन मुलांची आई, वीस वर्षं गणित शिकवणारी बाई, पण समोर कंप्युटर हा शब्द आला की आपण गप्प होतो, आणि त्यांचा सगळा धंदा त्या गप्प होण्यावर आहे.

गाडी चालली. २३ दिवस चालली. मग एका सकाळी सांगलीतच परत तेच झटके, परत दिवा लुकलुकतोय, आणि या वेळी एसी चालू केला की आत पेट्रोलचा वास. मामेभावाने एका जुन्या मिस्त्रींचा नंबर दिला, तीसेक वर्षं फक्त इंजेक्शनच्या गाड्यांचं काम, कार्बोरेटरचा जमाना संपत आला तेव्हापासून. फोनवर वासाचं सांगितलं तसे ते म्हणाले, "ताई, आता सेल्फ मारू नका. किल्ली ऑन पण करू नका. दारं उघडी ठेवा, मी येतो." किल्ली नुसती ऑन केली तरी टाकीतला पंप दोन-एक सेकंद चालतो आणि लाइनमधे प्रेशर भरतो हे मला त्या दिवशी कळलं.

ते आले ते आधी आग विझवायचा छोटा सिलिंडर घेऊन. इंजिन गार आहे का हात लावून बघितलं. फ्यूजबॉक्स उघडून फ्युएल पंपाचा फ्यूज काढला. मग म्हणाले, एरवी हा फ्यूज काढून गाडी चालू करायची, लाइनमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडते, परत दोन-तीन सेकंद सेल्फ मारायचा म्हणजे प्रेशर उतरतं, पण इथे गळतंय म्हणून चालू करायचीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, जॉइंटवर जाड फडकं धरून पाइप अगदी हळूहळू सोडला, आणि सिस्सऽ करून जे काही आलं ते फडक्यात आलं. गाडी बंद होती तरी! या लाइनमधे तीन-चार बारचं प्रेशर असतं आणि इंजिन बंद केलं म्हणून ते लगेच जात नाही, तासन्‌तास राहतं. हे ऐकल्यावर मला हायवेवरची एक गोष्ट आठवली, आम्ही एसटीला निघताना त्या मुलाने पाइप तसाच ओढला होता आणि पेट्रोलची पिचकारी इंजिनवर उडाली होती, तो हसून कापसाने पुसत होता. इंजिन गरम होतं तेव्हा. लेक तिथून चार पावलांवर उभी होती.

इंजेक्टर बाहेर काढले. नवे नव्हतेच, तेच जुने, वरून कसलासा स्प्रे मारून चकचकीत केलेले. एकाचा ओ-रिंग (गळती थांबवणारी रबराची चकती) कापलेला होता, बसवताना तिरका दाबला गेला म्हणून, आणि तिथूनच पेट्रोल पाझरत होतं. मिस्त्री म्हणाले इंजेक्टर काढला की ओ-रिंग नवा घालायचा, जुना परत वापरायचा नाही, आणि थोडं तेल लावून सरळ दाबायचा, एवढं साधं आहे. आणि खरंच इंजेक्टर चोक असेल तर ते मशीनवर लावून चारही किती पेट्रोल सोडतात ते काचेच्या नळ्यांत मोजून दाखवतात, गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं.

मग इसीएम. ब्रॅकेटच्या बोल्टवर इतक्या वर्षांची धूळ जशीच्या तशी, पाना लागल्याची खूण नाही, स्टिकरवर साल २०१४. आणि त्यांनी मला विचारलं, ताई, तुमची किल्ली कोड करून दिली का? मी म्हटलं नाही, किल्ली तीच आहे. तर म्हणाले, "मग इसीएम बदललंच नाही. किल्लीत चिप असते, नवं इसीएम तिला ओळखत नाही, जोडल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. जुन्याचा डेटा नव्यात टाकून देतात काही जण, पण त्यासाठी आधी हे खोलायला तर पाहिजे." १८ हजार रुपये दिले मी त्या धुळीचे.

आता टॅबलेटवरच्या त्या लाल लाल ओळी, म्हणजे कंप्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड. फोटो दाखवला तर त्यांनी झूम करून एकेक वाचला. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमधे मिसफायर, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. पी०११३ म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. पी०११८ म्हणजे कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाचा. म्हणाले यातला खरा फक्त पहिला. बाकीचे तयार केलेले. माझा विश्वास बसेना, तर काम सगळं संपल्यावर त्यांनी मला करून दाखवलं : किल्ली बंद, हवेच्या सेन्सरची पिन काढली, किल्ली ऑन, स्कॅनर लावला, आला पी०११३. परत किल्ली बंद करून पिन लावली, कोड पुसला, गेला. किल्ली ऑन असताना पिना काढल्या की कंप्युटरला वाटतं सेन्सर तुटला आणि तो इमाने नोंद करतो. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, मशीनला खोटं सांगितलं होतं. तो मुलगा पिना "साफ" करत होता ते यासाठी, आणि माझ्या डोळ्यांसमोर करत होता.

आणि पी०३०२ पण काही निदान नव्हे, ती तक्रार आहे. दोन नंबरला मिसफायर का, तर प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. ते शोधायची पद्धत इतकी सोपी आहे की मला रडू आलं. किल्ली बंद करून दोन नंबरची कॉइल तीन नंबरला लावायची आणि तीनची दोनला, कोड पुसायचा, गाडी थोडी चालवायची. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल गेली. तिथेच राहिला तर मग प्लग अदलाबदल करून बघायचा. दहा-पंधरा मिनिटं, पार्टचा खर्च शून्य. ओ-रिंग बदलून, लाइनमधे प्रेशर भरून, कुठे थेंब नाही हे टॉर्चने बघून मगच त्यांनी हे केलं आणि कोड सरकला. दोन नंबरला हायवेवाल्यांनी एक डुप्लिकेट कॉइल घालून ठेवली होती, बाकी तिन्हींवर गाडीच्या कंपनीचा छाप आहे, हिच्यावर काहीच नाही. म्हणजे खरा दोष त्यांना पहिल्याच तासात कळला होता.

मूळ कारण पावसाचं पाणी. प्लगच्या खोबणीत पाणी उतरलेलं, कॉइलच्या रबराच्या आत खडूने ओढल्यासारखी बारीक पांढरट रेघ, वीज प्लगमधे न जाता त्या रेघेने बाहेर पळत होती. त्यांनी खोबण आधी हवेने फुंकून कोरडी केली कारण नाहीतर प्लग काढताना माती सिलिंडरमधे पडते. प्लग गार इंजिनवरच काढले, नवे आधी हाताने फिरवून बसवले आणि मग टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) लावला, हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर खर्च मोठा.

चालू इंजिनवर कॉइल उपटून ठिणगी दाखवायच्या प्रकाराबद्दल विचारलं तर ते मिनिटभर बोललेच नाहीत. मग म्हणाले की ती वीस-तीस हजार व्होल्टची वीज आहे, हाताला वाट सापडली तर हातातून जाते, छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळ उभं पण राहू नये. (माझी आई. पेसमेकर नाही, पण वय ७१.) शिवाय तेवढा वेळ त्या सिलिंडरमधे पेट्रोल येतच असतं, आणि ठिणगीला जायला जागा नसली की कॉइल नाहीतर इसीएमच्या आतला भाग जळतो, म्हणजे चांगलं इसीएम खरंच जाऊ शकतं. बल्बचा टेस्टर पण तसाच, सेन्सरच्या लाइनी पाच व्होल्टच्या, बल्ब जास्त करंट ओढतो, तिथे डिजिटल मीटरच लावायचा. आणि सुई टोचलेल्या वायरीत पावसाळ्यात पाणी शिरतं ते वेगळंच. माझ्या गाडीत अशी तीन भोकं सापडली, ती त्यांनी बंद करून दिली.

त्यांचं बिल : कॉइल १,९५०, चार प्लग ७२०, ओ-रिंग किट ३८०, मजुरी ९००. एकूण ३,९५०, पक्कं, आणि जुने प्लग, कापलेला ओ-रिंग, डुप्लिकेट कॉइल सगळं पिशवीत घालून न मागता हातात दिलं.

हायवेवाल्यांना फोन केला तर आधी "गाडी आणा बघू", मग "तुम्ही दुसरीकडे खोलली, आता गॅरंटी नाही", मग फोन उचलणंच बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण तिकडून गॅरेजला विचारलं तेव्हा त्यांनी अशी गाडी आलीच नाही असं सांगितलं. वहीच्या पानावर ना नाव ना शिक्का. तेव्हा कळलं की त्या १८ टक्क्यांत मी काय सोडून दिलं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून अर्ज तयार करतेय. माझ्याकडे यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे, टॅबलेटच्या फोटोत मागे गॅरेजचा अर्धा बोर्ड आलाय, मिस्त्रींनी काय सापडलं ते लिहून सही करून दिलंय, आणि ती पिशवी आहे. कोणाला असाच अनुभव त्याच पट्ट्यात, उंब्रज ते सातारा, आला असेल तर प्लीज कळवा, तारीख आणि पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर गेले तेवढं सांगा, नाव तेच निघालं तर अर्जाला जोर येईल.