मास्टर सिलिंडर नवा, बिल भरलं, लिव्हर तसाच मऊ

एटीव्हीचा (चार चाकांच्या ऑफ-रोड बाइकचा) पुढचा ब्रेक मऊ लागतोय म्हटलं की वर्कशॉपचं उत्तर ठरलेलं: "मास्टर सिलिंडर गेलाय." म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेकचं ऑइल पुढे ढकलणारा हँडलवरचा पंप. बिलात 1 मास्टर सिलिंडर, पॅडचे 2 सेट, 500 मिली डॉट 4 ब्रेक ऑइल आणि वर "ब्लीडिंग", म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा काढणं. लिव्हर मात्र अजूनही हँडलला टेकतो!

ही हवा जिथून काढतात त्या चाकाजवळच्या ब्लीड निपलच्या रबरी टोपीवर वाळलेला चिखल जसाच्या तसा होता. टोपी काढल्याशिवाय निपलला नळी लागतच नाही, म्हणजे हवा काढलेलीच नाही. गाडी ताब्यात घेतानाच हे दिसायला हवं होतं. पण निपल रिमच्या आत. हँडलवर नवाकोरा सिलिंडर चमकत असताना चाकामागे टॉर्च घेऊन कोण वाकणार? बिलात लिहिलंय म्हणजे केलंय, असंच कुणीही धरून चालेल.

मुळात सिलिंडर बदलायची गरजच नव्हती. लिव्हर भराभर पंप केला की कडक होत होता. ही खूण हवेची, नाहीतर पॅड डिस्कपासून लांब सरकल्याची. सिलिंडरचं सील गेलं असतं तर बाहेर थेंबभर गळती नसतानाही दाबून धरलेला लिव्हर हळूहळू बसत गेला असता. आणि लिव्हर कडक असून गाडी थांबत नसेल, तर पॅडला तेल लागलंय किंवा ते तापून काचेसारखे गुळगुळीत झालेत. एवढं मेकॅनिकला कळत नसेल असं मी मानत नाही. ही लूटच.

तक्रारीचं तर विचारूच नका. कंपनीची हेल्पलाइन म्हणते डीलरशी बोला. डीलर म्हणतो जुना सिलिंडर आणून दाखवा, आणि तो ठेवून घेतलाय त्यानेच! ग्राहक कक्षाला तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा. तो द्यायचा दुसऱ्या वर्कशॉपने, आणि ते धंदेबंधूंविरुद्ध एक ओळ लिहायला तयार नाहीत. अर्ज इकडून तिकडे फिरतोय, ब्रेक तसाच.

जुना पार्ट पैसे देण्याआधी हातात घ्या. ऑइलची बाटली सीलबंद आणि समोर फोडलेली हवी: डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा शोषला की ही मर्यादा 155 वर येते. ब्लीडिंग उभं राहून करून घ्या. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. वरची टाकी रिकामी होऊ दिली की सगळं पहिल्यापासून. सिलिंडर नवा असेल तर त्याच्या बॅन्जो बोल्टपाशीही (ब्रेकची नळी सिलिंडरला जोडणारा पोकळ बोल्ट) हवा अडकते.

तरीही मऊच लागला तर निपल कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) वरच्या टोकाला आहे ना, बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल करून बसवला असेल तर निपल खाली जातं आणि वरची हवा कितीही पंप केलं तरी निघत नाही.