ओढ्यातला गाळ काढायला जेसीबी लावावा की काठ धरायला वाळा (खस गवत)?

मोहोळकडच्या एका शेतकरीमित्राचा हा पेच.

खर्च: जेसीबीला तासाचं भाडं. वाळ्याचे ठोंब स्वस्त, पण काठाची चार-पाच फूट जमीन सोडावी लागते. ती जिवावर येते, कळतं मला.

टिकाऊपणा: फरक इथेच आहे. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा. काळ्या रानातला उघडा काठ त्यात ढासळतो, काढलेला गाळ पुन्हा पात्रात. वाळ्याची मुळं 2-3 मीटर खोल जाऊन माती धरतात. शिवाय जेसीबीने खोल जाऊन मुरमाखालचा कातळ फोडला, तर शेजारच्या विहिरींचंच पाणी ओढ्यात उतरू शकतं.

मेहनत: वाळ्याला सुरुवातीला राखण हवी.

पात्र गाळाने बुजलं असेल तर जेसीबी, तोही फक्त गाळापुरता. काठ तुटत असेल तर वाळाच लावा.